बंद पडली का?

गेल्या मंगळवारी सकाळी प्रभात रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी एक मोटार थांबली. समोर कुणी आडवं आलं नव्हतं. सिग्नल नव्हता. रस्त्यात कुत्रं झोपलेलं नव्हतं. गाडी आपली थांबली. मागच्या रिक्षाने आधी एक हॉर्न दिला, मग एक लांबलचक दिला आणि मग रिक्षावाला स्वतःच उतरून खिडकीशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. "बंद पडली का? धक्का मारू?"

मोटार सदरकाराची होती आणि चालवत होता त्याचा भाचा. नियमित वाचकांना हा भाचा ठाऊक आहे. सनीव्हेलला राहणारा, दर दोन वर्षांनी आईच्या हातचं खायला आणि दातांची कामं उरकायला येणारा, उसाचा रस बिनबर्फाचा मागून वर ग्लास कशात धुतला ते विचारणारा, तोच. भाच्याने रिक्षावाल्याला उत्तर न देता डावीकडे बोट दाखवलं. तिथे बोगनवेलीच्या आड, कुठल्याशा क्लासच्या फ्लेक्सखाली, एक लाल अष्टकोनी पाटी होती. सदरकार या गल्लीतून चौतीस वर्षं ये-जा करतो. पाटी त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"मामा, स्टॉप साइन आहे!" भाचा म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. रिक्षाच्या मागे स्कूटरवर एक तरुण होता, त्याला या वाक्यातला पहिला शब्द तेवढा ऐकू गेला. त्याने आरशाला लटकवलेलं हेल्मेट क्षणात डोक्यावर चढवलं, मान वळवून दोन्हीकडे पाहिलं आणि गाडी हळूच मागे घेतली. पुण्यात चौकातल्या पोलिसाला मामा म्हणतात, हे भाचा तिकडे राहून विसरला होता. पाटीने जे चौतीस वर्षांत जमवलं नाही, ते एका नात्याच्या शब्दाने दोन सेकंदांत जमवलं.

आता कायद्याचं एकदाच सांगून टाकू, म्हणजे पत्रं येणार नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातलं कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीत या कलमाखाली धोकादायक म्हणजे काय याची यादीच दिली गेली: लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, वाहतुकीच्या उलट दिशेने घुसणं वगैरे. आणि या यादीत, लाल सिग्नलच्या पाठोपाठ दुसऱ्याच क्रमांकावर, थांब्याची पाटी न जुमानणं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चौतीस वर्षांचा हिशेब सदरकाराने भीतीपोटी केलेला नाही.

पोहे खाताना भाच्याने पाटीचा इतिहासही सांगितला, आणि तो ऐकण्यासारखा होता म्हणून इथे देतो. अशी पहिली पाटी अमेरिकेत डेट्रॉइट शहरात १९१५ साली लागली असं मानतात. ती पांढरी होती, त्यावर काळी अक्षरं. १९२३ साली तिथल्या काही राज्यांच्या महामार्ग खात्यांनी एकत्र बसून पाट्यांचे आकार ठरवले आणि त्यात एक मजेदार हिशेब लावला: जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा. वर्तुळाच्या बाजू मोजून संपत नाहीत, म्हणून गोल पाटी रेल्वेच्या फाटकाला. त्याखालोखाल अष्टकोन, तो थांब्याला. पाटी मग पिवळी झाली. लाल करायची इच्छा होती, पण वर्षानुवर्षं ऊन-पावसात टिकेल असा लाल रंगच तेव्हा मिळेना. लाल व्हायला १९५४ साल उजाडलं. आपल्याकडे ती आली तेव्हा आकार, रंग सगळं तयार होऊन आली. फक्त थांबायची सवय त्या खोक्यात पाठवायची राहिली.

पुणेरी पाट्यांवर पुन्हा विनोद करणार नाही, असं या सदरात दिवाळीनंतर लेखी दिलेलं आहे आणि ते पाळलं जाईल. पण एवढं म्हणायला हरकत नसावी की ज्या पाट्या या गावात खरोखर पाळल्या जातात, त्यांच्या मागे एक माणूस दिसतो. 'फाटकासमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल' या पाटीमागे गंजीफ्रॉक घातलेले एक आजोबा उभे आहेत आणि त्यांच्या हातात खरोखर टाचणी आहे, हे वाचणाऱ्याला स्वच्छ कळतं. लाल अष्टकोनामागे कोण उभं आहे? कुणी नाही. मग तिच्यापुढे थांबायचं तरी कशाला?

यावर सोसायट्यांनी शोधलेला उपाय म्हणजे गतिरोधक. पाटीला डोळे लागतात, अक्षर ओळख लागते, थोडी लाजही लागते. गतिरोधकाला यातलं काही लागत नाही, तो थेट कमरेशी बोलतो. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचंही माप घालून दिलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि माथा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा तसा मवाळ गोल. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होऊ नये, हा त्यामागचा विचार. सदरकाराच्या गल्लीतला गतिरोधक उरलेल्या खडीतून एका रात्रीत घातलेला आहे. तो १७ मीटरच्या वर्तुळाचा नसून उलट्या ठेवलेल्या घमेल्याचा तुकडा आहे. त्यावरून जाताना मागच्या सीटवरच्या माणसाचं बोलणं वाक्याच्या मध्यावर तुटतं आणि पलीकडे गेल्यावर दुसऱ्याच विषयाने सुरू होतं. पण थांबतात. सगळे थांबतात.

भाच्याचं म्हणणं असं की तिकडे माणसं निव्वळ पाटीपुढे थांबतात. सदरकार दोन वर्षांपूर्वी तिथे सहा आठवडे राहून आलेला आहे. त्या मुक्कामावर चार लेख झाले आणि पाचवा नको असं अनेकांनी कळवलं, म्हणून एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, ती आता सांगता येईल. भाच्याच्या घराच्या कोपऱ्यावर चारही बाजूंना थांब्याच्या पाट्या आहेत. जो आधी आला तो आधी जाणार. दोघं बरोबर आले तर उजव्या हाताचा आधी. सकाळी फिरून आल्यावर सदरकार तिथल्या बाकावर बसायचा. पहिल्या दिवशी त्याने किती गाड्या पूर्ण थांबतात हे मोजायला घेतलं आणि पाच मिनिटांत सोडून दिलं. कारण चाक थांबलं की नुसतं थबकलं हे ठरवायला तिसरा पंच लागला असता. ब्रेकचे दिवे लागायचे, नाक खाली जायचं, गाडी जणू देवळासमोरून जाताना चपला न काढता हात जोडावेत तशी किंचित वाकायची आणि पुढे. या नमस्काराला तिकडे नावही आहे, 'कॅलिफोर्निया रोल'. सदरकाराला आधी ते खाण्याच्या पदार्थाचं नाव वाटलं. तो पदार्थही आहे म्हणे.

हे भाच्याला सांगितल्यावर तो जरा गप्प झाला आणि मग त्याने स्वतःच एक किस्सा पुरवला. टेस्ला कंपनीच्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या चाचणी प्रणालीत एक सोय होती. चारही बाजूंना पाट्या असलेल्या चौकात आजूबाजूला कुणी नसेल, तर गाडीने पूर्ण न थांबता ताशी ५.६ मैलांपर्यंतच्या वेगाने, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरने, सरकत पुढे जावं. संगणकाला नमस्कार करायला शिकवलं होतं! अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने आक्षेप घेतला आणि फेब्रुवारी २०२२मध्ये सुमारे ५४ हजार गाड्यांमधली ही सोय कंपनीला काढून टाकावी लागली. पुण्यात ही गाडी आली तर तिला काय काय शिकवावं लागेल, याची यादी सदरकाराने करायला घेतली होती. बायकोने ती वाचून फाडली, कारण त्यातली पहिली सहा कलमं तिच्या भावाच्या ड्रायव्हिंगवरून घेतलेली होती.

पण भाच्याचा खरा घाव सायकलचा आहे. तिकडे नवीन असताना तो ऑफिसला सायकलने जायचा. एका सकाळी, रस्ता पूर्ण मोकळा असताना, तो थांब्याच्या पाटीवरून हळू वेगात न थांबता गेला आणि मागून लाल-निळे दिवे लागले. कॅलिफोर्नियात सायकलस्वाराला मोटारवाल्याचेच नियम. मूळ दंड ३५ डॉलर, पण त्यावर एकेक अधिभार चढत चढत आकडा दोनशेच्या वर जातो. आईला त्याने हे आजवर सांगितलेलं नाही. (ती हे सदर वाचत नाही, असं तीच सगळ्यांना सांगते.)

आता सायकलवाल्याची बाजू. सदरकार स्वतः सायकलवाला असल्याने ती जरा लांबेल. मोटारीला थांबणं म्हणजे एक पाय या पट्टीवरून त्या पट्टीवर ठेवणं. सायकलवाल्याला आत्तापर्यंत पोटरीने कमावलेला वेग ओतून द्यावा लागतो आणि पुन्हा शून्यातून जमवावा लागतो. बर्कली इथल्या जोएल फायान्स या भौतिकशास्त्रज्ञाने एका सहलेखिकेबरोबर याचा हिशेब २००१ साली मांडला होता. रोज कामावर जाणारा साधा सायकलस्वार साधारण १०० वॉट ताकद लावतो आणि तेवढ्यात त्याला ताशी २० किलोमीटरचा वेग मिळतो. त्याच रस्त्यावर दर ३०० फुटांवर थांब्याची पाटी लावली आणि तो प्रत्येक पाटीला इमानाने थांबला, तर तेवढ्याच ताकदीत त्याचा सरासरी वेग ४० टक्क्यांनी घटतो. वेग तोच हवा असेल तर जवळजवळ ५०० वॉट लावावे लागतील. ५०० वॉट शर्यतीतले पैलवान लावतात. डबा आणि लॅपटॉप घेऊन निघालेला माणूस नव्हे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाच्या लोकांनी चौकाचौकांत उभं राहून सायकलस्वार मोजले, तेव्हा पाटीला पूर्ण थांबणारा २५ जणांमागे एक निघाला. सदरकाराला त्या एकाबद्दल आदर आहे आणि थोडी शंका आहे. त्याची चेन पडली असेल.

आयडाहो राज्याने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. सायकलवाल्यांच्या किरकोळ गुन्ह्यांनी न्यायालयांचा वेळ खाल्ला जातो, म्हणून न्यायालयांच्याच बाजूने सुधारणा सुचवली गेली आणि १९८२पासून तिथला सायकलस्वार थांब्याच्या पाटीला 'हळू व्हा, दुसऱ्याला आधी जाऊ द्या' एवढंच समजू शकतो. पुढची पस्तीस वर्षं दुसऱ्या कुठल्या राज्याने हे उचललं नाही. मग २०१७ साली डेलावेअरने उचललं आणि नंतर आणखी काही राज्यांनी. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही २०२१मध्ये असं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं.

त्याआधी २०१५च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला झालेला प्रकार भाच्याने रंगवून सांगितला. चढ चुकवत वळणावळणाने जाणारा 'द विगल' नावाचा तिथला रस्ता सायकलवाल्यांचा आवडता. पोलिसांनी ठरवलं की आता पाटीला न थांबणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला पकडायचं. त्यावर सायकलवाल्यांनी आंदोलन केलं ते कायदा पाळून. एका संध्याकाळी शेकडो जण एकामागे एक आले आणि प्रत्येक जण प्रत्येक पाटीला पाय टेकवून थांबला. चौक तुंबला आणि मोटारी खोळंबल्या. आपल्याकडे बँकेचे किंवा टपालाचे कर्मचारी 'नियमानुसार काम' करतात तेव्हा जे होतं, तेच झालं. नगरमंडळाने पुढे सायकलवाल्यांच्या बाजूने ठराव केला, तो महापौरांनी नामंजूर केला.

पोलिसांनी सायकलवाल्यालाच का धरावं, हे भाच्याला अजून कळत नाही. सदरकाराला कळतं, कारण त्याचं बालपण सायकलींच्या पुण्यात गेलं. सायकलवाला सापडतो. त्याला धरायला मागे धावावं लागत नाही, कॅरिअर पकडलं की झालं.

तेव्हा सायकलला बिल्ला लागायचा, पालिकेच्या कराचा. रात्री दिवा लागायचा. डबलसीट बंदी होती. आणि या तिन्ही कायद्यांचं मूर्तिमंत रूप म्हणजे संध्याकाळी वळणावर अंधारात उभा राहणारा हवालदार. तो नेहमी वळणाच्या पलीकडे उभा असायचा, अलीकडे कधीच नाही. सदरकाराच्या वडिलांकडे रॉकेलवर चालणारा दिवा होता. वारा आला की विझायचा, आणि हवालदार दिसला की वारा यायचाच. वडील सायकलवरून उतरायचे, चष्मा पुसायचे आणि अतिशय सभ्यपणे म्हणायचे, "आत्ताच विझला हो, हात लावून बघा, गरम आहे." हवालदार हात लावून बघायचा. दिवा गरम असायचा, कारण वडील घरून निघताना तो लावायचे आणि रॉकेल वाचवायला नाक्यावर स्वतःच फुंकर मारायचे. हवालदाराला हे ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे वडिलांना ठाऊक होतं. तरी आठवड्यातून दोनदा हा संवाद जसाच्या तसा व्हायचा, कीर्तनातल्या पूर्वरंगासारखा.

पुढे डायनॅमो आला. चाकाला टेकवला की घुर्र आवाज करत दिवा लागायचा आणि सायकल लगेच दुप्पट जड व्हायची. थांबलं की दिवा बंद. म्हणजे हवालदाराने थांबवलं की दिवा नाहीच! यावर कॉलेजातल्या पोरांनी किती वाद घातला असेल त्याला गणती नाही. "साहेब, चालवून दाखवतो," म्हणून जो निघायचा तो परत यायचा नाही. मग हवालदारांनी युक्ती काढली, मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवायची. सदरकाराने स्वतः पाहिलेला एक हवालदार असं पेडल फिरवत असताना दिव्याचा पिवळा उजेड त्याच्याच मिशांवर पडला होता, आणि दिवा लागला याचा त्याला इतका आनंद झाला की तो आणखी थोडा वेळ फिरवत राहिला.

डबलसीटचा मामला वेगळाच. हवालदाराच्या वीस पावलं अलीकडे मागचा उडी मारून उतरायचा आणि फूटपाथवरून अनोळखी माणसासारखा चालायला लागायचा. वीस पावलं पलीकडे पुन्हा उडी. सदरकाराच्या एका मित्राला या चालण्यात इतकं प्रावीण्य होतं की तो हवालदाराला वेळ विचारून पुढे जायचा. पकडलं गेलं तर शिक्षा ठरलेली, हवा सोडणं. व्हॉल्व्ह काढून घेऊन हवालदार तो तळहातावर ठेवायचा आणि नाव, कॉलेज, वडिलांचं नाव विचारायचा. वडिलांच्या नावाला सगळे रडायच्या बेताला यायचे. मग सायकल हातात धरून दुकान गाठायचं आणि हवा भरायची. दुकानदार हवालदाराचा मेहुणा असतो असा त्या काळी पक्का समज होता.

मुद्दा एवढाच की त्या काळात सगळं शहर सायकलवर होतं आणि लाल अष्टकोनी पाटी कुणाच्या गावीही नव्हती, तरी माणसं थांबायची. खाकी दिसली की थांबायची. ती खाकी गेली, तिच्या जागी खांबावर कॅमेरा आला. आता कॅमेऱ्याचा चौक कुठला आणि आंधळा चौक कुठला हे वाहनचालकांना आपल्या गोत्रापेक्षा नीट पाठ आहे. कॅमेऱ्याला दिवा गरम असल्याचं सांगता येत नाही, ही त्यातली खरी हानी. या विषयावर पुन्हा कधीतरी.

भाचा शुक्रवारी रात्री गेला. विमानतळापर्यंत त्याला नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने एकही पाटी, एकही सिग्नल मनावर घेतला नाही आणि भाच्याने मेसेज पाठवला तो फक्त 'वेळेत पोचलो' एवढाच.

शनिवारी सकाळी सदरकार चक्का आणायला सायकलने निघाला. गल्लीच्या तोंडाशी बोगनवेल होती, फ्लेक्स होता, त्याखाली पाटी होती. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. सदरकाराने ब्रेक दाबला आणि डावा पाय जमिनीवर टेकवला. भाचा तीन अंक मोजतो, म्हणून त्यानेही मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि हाक मारली, "काका, चेन पडली का?"

"हो ना," सदरकार म्हणाला. खाली उतरला, वाकला, जागच्या जागी असलेल्या चेनला बोट लावून ते काळं करून घेतलं, आणि इस्त्रीवाल्याने पुढे केलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्याला पुसून मग निघाला.